ग्राम्य म्हणजे काय

रविवारी सकाळी साडेनऊ वाजता, रद्दीतून साठ रुपयांना आणलेल्या शब्दकोशातला एक अर्थ मी मोठ्यानं वाचला. त्या वेळी लोणावळ्यातल्या आमच्या घरात बायको, मुलगी आणि सासरे हजर होते. साडेदहाला फक्त मुलगी हजर होती.

प्रश्न तिच्याच गृहपाठातला. "बाबा, ग्राम्य भाषा म्हणजे काय?"

"ग्राम म्हणजे गाव. त्यावरून ग्राम्य, गावाकडचं." मी बोट पुढे सरकवलं. "आणि म्हणून असभ्य, अशिष्ट."

"म्हणजे आबा बोलतात तसं?"

इथं शहाणा माणूस खोकला असता. (मला अर्धवट उत्तर देता येत नाही. जुना आजार!) मी म्हणालो, "व्याख्येप्रमाणे, हो."

आबा म्हणजे माझे सासरे, राहणार तिकोणा पेठ, पवनानगरजवळचं गाव. लेकीसाठी आणलेली अंडी ते पिशवीतून काढत होते. ती पुन्हा पिशवीत गेली. (अठरा. मी मोजली.)

"मंजे आमी असभ्य व्हय?"

"आबा, मी नाही हो, पुस्तकात तसं..."

"पोरगी म्या पुस्तकाला दिली का तुमाला?"

तोवर बायकोचीही पिशवी भरून झाली. "मीबी त्याच गावची. ऱ्हावा तुमी सभ्य मान्सं हितं!" लग्नाला सोळा वर्षं झाली, तिच्या तोंडून 'मीबी' मी प्रथमच ऐकलं.

दुपारी मुलीला शेजारी सोडून निघालो. पवनानगरच्या जीपमध्ये जागा नऊ, माणसं पंधरा. एका मावशींनी तांदळाचं पोतं नेमकं माझ्या पायावर टेकवलं.

"आयला, पाय!" मी ओरडलो.

"आपल्याकडचंच दिसत्यात पाव्हनं," मावशी खूश झाल्या. पोतं मात्र तिथंच राहिलं.

आबा ओट्यावर बसले होते. दारात बायको, पाठमोरी.

"आबा, झाल्या प्रकाराबद्दल मी दिलगीर आहे."

"गीर? गीर गाय न्हाई आमच्याकडं. म्हस हाय."

"क्षमस्व, आबा."

"नीट बोला!"

पाय ठणकत होता आणि व्याकरण तर जीपमध्येच सांडलं होतं. "आबा, लय चुकलं माजं!"

बायको तोंडाला पदर लावून आत पळाली. आबा म्हणाले, "आत्ता कळलं. च्या टाक गं!"

निघताना बायको सोबत होती आणि हातात तीच अंडी. सोळा वर्षं आबांची अंडी फुकटच मिळत आली होती. तरी सभ्यपणे विचारलं, "किती द्यायचे, आबा?"

"पंधराला येक."

"बाजारात सातला मिळतं हो!"

"ती सभ्य अंडी. ही गावठी!"

सासऱ्यांना रोख दोनशे सत्तर मोजले. अख्खा शब्दकोश मला साठला पडला होता. त्यातला हा एकच शब्द दोनशे सत्तरला पडला. जीपचं भाडं वेगळं!