शहाबादी लादीवरची आजी

माझी धाकटी बहीण चित्रकला कधी शिकली नाही. शिकले मी. कलाशाळेत चार वर्षं घालवली आणि मग मुलुंडच्या एका शाळेत चित्रकलेची बाई झाले. बहीण साकीनाक्याला पुठ्ठ्याचे खोके बनवायच्या कारखान्यात होती. तो बंद पडला आणि ती दहिसरच्या आमच्या जुन्या चाळीत, गुडघ्यांनी जाम झालेल्या आईजवळ, घरीच राहिली.

एका रविवारी मी नाहूरच्या माझ्या घरून सकाळीच तिकडे गेले, तर बहीण दारासमोरच्या शहाबादी लादीवर उकिडवी बसली होती. हातात भिंती रंगवायचा जुना ब्रश, शेजारी पेलाभर पाणी. आई दारात खुर्ची टाकून सांगत होती, "कपाळ एवढा मोठा नाय गो. डावी पापणी जरा खाली घे, धुरान तशी झाली होती." बहीण घेत गेली. ओल्या दगडावर काळसर बाई उमटली. एक गुडघा वर घेऊन बसलेली, पदराचं टोक दातांत धरलेली.

"इली," आई तिच्या मालवणीत म्हणाली. आली.

ही आमची आजी, आईची आई. आम्ही दोघींनी तिला पाहिलेलं नव्हतं, तिचा फोटोही नव्हता. परळच्या एका खोलीत ती गिरणीतल्या गाववाल्यांची खाणावळ चालवायची, एवढंच मला माहीत. पाच-सात मिनिटांत लादी सुकली. आधी डोळे गेले, कारण तिथे पाणी कमी. मग पदर गेला.

"रोज काढतेस?" मी विचारलं.

"रोज. आईला बरं वाटतं ना."

मी हसले, पण हेवा वाटला होता. शिकत असताना तीन महिने खपून मी कल्पनेनेच आजीचं तैलचित्र केलं होतं. ते बघून आईने विचारलं होतं, "बरा आसा. पण ही कोण?" आणि इथे माझ्या बहिणीने, जिला नाक धड काढता येत नाही, नुसत्या पाण्याने आजीला घरी आणलं होतं. त्याहून मला लागलं ते वेगळंच. ती पापणी, तो दातांतला पदर, हे आईने मला कधीच सांगितलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी मोबाइलवर त्या चित्राचा व्हिडिओ काढला. "शाळेतल्या मुलांना दाखवीन," म्हणाले. मुलांना दाखवलाच नाही. घरी कॅनव्हास लावला आणि तीच पापणी, तोच गुडघा, तोच पदर तेलरंगात उतरवला. नाक मात्र मी नीट केलं. मुलुंडला चित्रकला शिक्षकांचं प्रदर्शन होतं, तिथे ते लागलं. खालच्या पट्टीवर मी लिहिलं: 'आजी. स्मरणातून.'

दहिसरला कळवलं नव्हतं. पण माझ्या नवऱ्याने कौतुकाने बहिणीला फोटो पाठवला, आणि शेवटच्या दिवशी बहीण आईला रिक्षात घालून दहिसरहून मुलुंडला हजर.

आई चित्रासमोर उभी राहिली. "माझी आवस," ती म्हणाली. माझी आई. हेच ऐकायला मी इतकी वर्षं थांबले होते. पण मी बघत होते बहिणीकडे. ती वाकून पट्टी वाचत होती.

"स्मरणातून?" ती म्हणाली. "कोणाच्या गं?"

मी पट्टीवर हात ठेवला.

"मागितलं असतंस तर दिलं नसतं का? चोरलंस कशाला यार?" आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. मग ती चित्राकडे वळली. "झकास झालंय पण."

आईला आमच्या बोलण्याचं काही नव्हतं. तिने कॅनव्हासला हळूच बोट लावलं. "ही सुकाची नाय?"

"नाही आई. ही राहणार."

"रोज येता नि जाता, ता बरा होता," आई म्हणाली. "ही आता अशीच बघत ऱ्हवतली." आणि बसायला खुर्ची मागितली.

त्याच संध्याकाळी मी पट्टी काढून फाडली. महिनाभर दहिसरला गेले नाही. गेले तेव्हा बहिणीने ब्रश माझ्या हातात दिला. मी काढत होते, आई सांगत होती.

"हे मला आधी का नाही सांगितलंस?" न राहवून मी आईला म्हणाले.

"तू कधी इचारलंस?"

खरंच होतं. मी आजीचं चित्र केलं होतं, आजीबद्दल विचारलं नव्हतं. माझी आजी सुकायला लागली तसा हात आपोआप मोबाइलकडे गेला. "राहू दे ना," बहीण म्हणाली. मी राहू दिलं.

आता दर रविवारी जाते. हेवा गेला म्हणाले तर ते खोटं होईल. अजूनही आई बहिणीने काढलेल्या आजीला "इली" म्हणते, माझ्या आजीला नुसती मान हलवते.

मागच्या रविवारी बहीण म्हणाली, "ताई, आता बाबांना काढू या. ते गेले तेव्हा मी तीन वर्षांची होते, मला काहीच आठवत नाही. तूच सांग."

एवढं तरी माझं असू दे, असं मनात आलं. ती पाण्यात ब्रश बुडवून वाट बघत राहिली. मग मी सांगितलं: रुंद खांदे, जाड भुवया, तेल लावून मागे बसवलेले केस. ती काढत गेली. पण मला उचलून घेताना ते आधी हात सदऱ्याला पुसायचे, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.