सगळ्या काळ्याच सायकली

सायकलवर बसण्याआधी अक्का विभूतीची डबी काढायच्या आणि हँडलखालच्या दांडीवर तीन बोटांनी तीन पट्टे ओढायच्या. मग तीच बोटं स्वतःच्या कपाळावर. हेल्मेट त्यानंतर.

माहेर लातूरचं, सासर नांदेडचं, आणि शाळेच्या गणवेशांचं दुकान. पन्नाशी उलटल्यावर त्या आमच्या रविवारच्या सायकल ग्रुपात आल्या आणि महिन्याभरात सगळ्यांच्या अक्का झाल्या.

मला हल्लीच्या रेसिंगच्या सायकलींचा राग येतो. तुम्हीही पाहिल्या असतील. कुठल्याही कंपनीची घ्या, तोच काळा रंग, तेच वाकडं हँडल, वायरी आत लपवलेल्या. नाव झाकलं तर बनवणाऱ्यालाही ओळखू यायची नाही. आमच्या लहानपणी दारात उभ्या सायकलीवरून घरी कोण आलंय ते कळायचं. हे रडगाणं मी दर रविवारी अर्धापूरच्या चहाला गायचो. अक्का शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "सर, गणवेशात सगळी लेकरं सारखीच दिसत्यात. आई वळखतीच की."

निदान त्यांची सायकल तरी विभूतीमुळे ओळखू यायची. पण एका रविवारी आमच्यातल्या तरुण वकिलाने हौसेने आपल्या सायकलला पट्टे ओढून घेतले, पुढच्या रविवारी आणखी दोघांनी, आणि मग रांगच लागली. अक्का कुणाला नाही म्हणत नसत. झालं, सगळ्या सायकली पुन्हा सारख्या.

अक्कांचे गुडघे गेले होते. दिवाळीनंतर ऑपरेशन ठरलं होतं आणि त्यानंतर सायकल कायमची बंद. त्याआधी एकदा माहूरचा घाट पाय न टेकता चढायचा, एवढी एकच गोष्ट त्यांना हवी होती. "पायानं रेणुकामायकडं जाणं आता व्हत न्हाई, चाकानं जाते," असं म्हणायच्या. त्यासाठी त्यांनी मागच्या चाकाला मोठ्या चकतीचा हलका गिअर मुद्दाम बसवून घेतला होता.

टेम्पोत सायकली घालून आम्ही माहूरच्या पायथ्याशी गेलो. वकिलाला चढाची भयंकर धास्ती. गडी उड्डाणपुलावरसुद्धा उतरून चालायचा. मागे राहिलो तर सगळे हसतील म्हणून तो चहा अर्धा टाकून सगळ्यांच्या आधी निघाला.

बाकीचेही गेले. अक्कांनी उरलेली सायकल दोन पावलं ढकलली आणि थांबल्या. वाकून मागची चकती पाहिली. ती सायकल वकिलाची होती, सपाट रस्त्याच्या जड गिअरची; घाईत तो अक्कांची घेऊन गेला होता. उंची दोघांची सारखी, म्हणून सीटही सारखी, आणि पट्टे तर अक्कांच्याच बोटांचे. त्याला कळायचं कसं?

मी फोन काढला. अक्कांनी माझा हात धरला.

"त्याला खाली बोलवू नका, सर. चढून राहिला असंल बिचारा."

"आणि तुमचं काय? माझी सायकल तर तुम्हाला उंच पडते."

"बघू की."

पुढचा अर्धा-पाऊण तास मी त्यांच्या मागे होतो आणि असं काही मी आयुष्यात पाहिलेलं नाही. सरळ चढणं शक्यच नव्हतं, तर त्या रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत तिरप्या जात वर सरकत होत्या. प्रत्येक पेडलला अख्खं अंग उभं राहायचं. मागून भाविकांची जीप आली. ड्रायव्हरने एकदा हॉर्न दिला, मग त्यालाही काय वाटलं कोण जाणे, मुकाट्याने मागे मागे येत राहिला. मी हलक्या गिअरवर असून धापा टाकत होतो. अक्कांच्या तोंडून हूं की चूं नाही. मला हात जोडावेसे वाटत होते, पण हँडल सोडता येत नव्हतं.

शेवटच्या वळणावर डावा गुडघा वळेनाच. पाय टेकला. त्या थोडा वेळ त्या पायाकडे बघत उभ्या राहिल्या. मग पुन्हा चढून बसल्या आणि वर आल्या.

वर वकील आनंदाने नाचायचाच बाकी होता. एकदाही पाय टेकला नाही म्हणून घरी फोन करून सांगत होता. अक्कांना बघून धावत आला आणि विचारलं, तुमचं जमलं का?

"येकदा टेकला बाबा. गुडघे न्हाईत ना. तू मात्र लई भारी चढलास."

त्याने त्यांना धीर दिला, सराव ठेवा म्हणून सांगितलं. माझ्या जिभेवर आलेलं अक्कांनी नुसत्या नजरेने परत पाठवलं. तो दर्शनाला गेला तेव्हा त्यांनी सायकली बदलून ठेवल्या. सगळ्या सायकली सारख्या असतात याचं मला त्या दिवशी पहिल्यांदा बरं वाटलं.

ऑपरेशननंतर अक्का लातूरला लेकीकडे राहायला गेल्या. यंदा त्यांच्याशिवाय आम्ही पुन्हा माहूरला गेलो. अर्ध्या घाटातच वकिलाने पाय टेकला आणि कठड्यावर तोंड पाडून बसला. मागच्या वेळी जमलं, आता काय झालं, हे त्याला उमगेना.

मी बाजूला जाऊन अक्कांना फोन लावला. आता तरी खरं सांगू का, विचारलं.

"नगा सांगू, सर. येकदा चढलाय तो. म्हणावं, आज वारं उलटं हाय."

मी जाऊन तसंच सांगितलं. वकिलाने मान वर करून इकडेतिकडे पाहिलं आणि त्याला ते पटलं. घाटात झाडाचं पानही हलत नव्हतं.