लंडनचा जावई कोणत्या व्हिसावर?

मंडळी, दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून दुकानातल्या कॉम्प्युटरवर थेट लिहायलाच बसलो.

आज मांडवगणला मित्राच्या मुलीच्या सुपारीला गेलो होतो. मुलगा लंडनला ‘नोकरीला’. दौंडात माझं झेरॉक्स आणि इंटरनेटचं दुकान. मी लंडन पाहिलेलं नाही, पण तिकडं जाणाऱ्या पोरांचे व्हिसाचे फॉर्म मीच भरतो. म्हणून मित्रानं चार पाहुण्यांसमोर मुलाचे कागद माझ्या हातात दिले.

बघतो तर स्टुडंट व्हिसा! तोही दोन महिन्यांत संपणारा.

मुलाचे मामा म्हणाले, “व्हिसा तो व्हिसा, आप्पा. त्यात काय एवढं?”

“फरक हाय, मामा. हा शिकायचा व्हिसा. यावर आठवड्याला मोजके तासच काम करता येतं. कोर्स झाल्यावर तिथं राहून पूर्णवेळ नोकरी करायची, तर वर्क व्हिसा वेगळा काढावा लागतो.”

तेवढ्यात मुलगीच आतून बाहेर आली. ती पुण्यात नर्स आहे. तिनं सरळ विचारलं, “मग त्याचा अर्ज केलाय का?”

मामा चहाच्या कपात बघत बसले. तिचा बापच तिच्यावर खेकसला, “तू आत जा.”

मग मला बाजूला घेऊन म्हणाला, “आप्पा, तुम्हाला कागद बघायला बोलावलं होतं. वाचून दाखवायला न्हाई.”

सुपारी फुटली. लंडनला जायचं म्हणून सोमवारी मुलगी नोकरीचा राजीनामा देणार आहे.

या ऑनलाइन कम्युनिटीत लंडनची पोरं बरीच आहेत. खरं सांगा, तुमचं लग्न जमवताना घरच्यांनी मुलीकडच्यांना कोणता व्हिसा सांगितला होता?