कोंब आलेला हरभरा

१९७६ साली मी बावन्न वर्षांचा होतो, आणि डोळ्याला न दिसणाऱ्या गोष्टींवर माझ्या मेहुण्याइतका जीव लावणारा माणूस शिरूर-दौंडात दुसरा नव्हता, हे मी कुणापुढंही सांगेन. माझी शाळा दुसरीपर्यंत. तो शिरूरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचा, पण ऐकायला त्याला मीच लागायचो. पेशीत प्रथिनं बनतात कशी, यापेक्षा बनायची थांबतात कशी, याचं त्याला वेड. लग्नाच्या पंगतीत वाढपी बुंदी घेऊन समोर उभा, आणि हा त्याला सांगतोय, "प्रथिन बनवायचा निरोप पेशीला आला म्हणजे काम झालं असं नसतं. कच्च्या रक्तपेशीला लोह कमी पडलं, की निरोप हाताशी असूनही ती प्रथिन बनवायचं थांबवते." वाढपी पुढं गेला, हा बुंदीवाचून उठला. केडगावला गाडी सिग्नलसाठी अडली तवा सगळे वैतागले आणि हा खूश. "बघा दाजी, इंजिन आहे, रूळ आहेत, ड्रायव्हर आहे, फक्त सिग्नल नाही. पेशीत हेच." खाली उतरून खिडकीतून समजावत राहिला, आणि गाडी त्याला ठेवून सुटली.

त्याच वर्षी हरभऱ्याच्या पेरणीला तो घरी आला. म्हणाला, "कोरड्या बियात निरोप आधीच तयार असतात, दाजी, झोपलेले. पाणी लागलं की काम सुरू."

"उगं सांगू नगंस. दावून दे."

मूठभर भिजवायचा, तर मी बाजाराला गेल्यावर ह्यानं पेरणीचा सगळा डबा घंगाळात ओतला. मी मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सांजचं परतलो, तर दाण्यादाण्याला कोंब. घरात दुसरं बी नव्हतं. उद्या सकाळी अमावस्या, आणि अमावस्येला आम्ही औत धरत नाही. परवापर्यंत थांबावं, तर लांबलेले कोंब पाभरीच्या नळीतून पेरताना तुटणार.

"वाळत घाल," मी म्हणालो.

"आता वाळवलं तर मरेल, दाजी."

"मग उसळ करते समद्या गावाला," त्याची बहीण, म्हणजे माझी बायको, म्हणाली.

मग तोच हळूच बोलला, "एकेक दाणा हातानं मातीत टोकला तर? औताला शिवायला नको."

टोकायचं माझ्या मनात आलंच होतं. तो फक्त आधी बोलला.

आता त्याला जाऊन बरीच वर्षं झाली. हरभरा दर साली पेरतो, पण दाण्याच्या पोटात काय चाललंय ते मला कुणी सांगत नाही. त्या अमावस्येला सकाळी मी त्याला चहाआधी उठवलं, हातात खुरपं दिलं, विहिरीखालच्या पट्टीत त्याच्या शेजारी बसलो, पहिला दाणा मातीत लोटला आणि म्हणालो, "हं, बोल आता. त्या झोपलेल्या निरोपाला ऊठ म्हणतं कोण?"