व्याह्यांचं लायसन्स

आमच्या व्याह्यांइतका प्रवास केलेला आणि तरीही स्वतःहून कधी कुठे न गेलेला माणूस उभ्या नाशिक जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. व्याही म्हणजे माझ्या मुलीचे सासरे. सगळी नोकरी त्यांनी एसटीत कंडक्टर म्हणून काढली. नाशिकहून निघायचं, दिंडोरी, वणी, बोरगाव करत सुरगाण्याला पोचायचं, तिथे मुक्काम ठोकायचा आणि पहाटे अंधारातच तीच गाडी घेऊन परत यायचं. या गृहस्थांनी मनात आणलं असतं तर तेवढ्या किलोमीटरांत पृथ्वीला दोन-चार प्रदक्षिणा सहज झाल्या असत्या. पण मनात आणणं हा त्यांच्या कामाचा भागच नव्हता. गाडी जिथे जाते तिथे आपण जायचं आणि लोकांना उतरवायचं, एवढंच त्यांना ठाऊक. जाताना रस्त्याच्या डाव्या अंगाचं प्रत्येक झाड, टपरी आणि फाटा त्यांना तोंडपाठ. उजव्या अंगाला काय आहे ते विचारलं की म्हणत, "ते ड्रायव्हरचं खातं."

निवृत्त होऊन काही वर्षं झाली तरी कंडक्टर त्यांच्या अंगातून उतरलेला नाही. माझ्या मुलीच्या लग्नात जेवणापाशी थोडी गर्दी झाली, तर वरपित्याच्या फेट्यासकट हे गृहस्थ मधे घुसले आणि "पुढे सरका, पुढे जागा मोकळी आहे, दारात थांबू नका" असं म्हणत त्यांनी अख्खी रांग जिलबीपर्यंत ढकलत नेली. माझी एक चुलत सासू अजून भेटली की सांगते, मला बासुंदी घ्यायची होती, पण तुझ्या व्याह्यानं थांबूच दिलं नाही. आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये ते शिरले की बटणांच्या बाजूला उभे राहतात, प्रत्येकाला "कुठे उतरणार?" असं विचारतात आणि दार उघडलं की "तिसरा मजला, तिसरा मजला, कोणी राहिलं का?" अशी हाळी देतात. ज्यांना दुसऱ्यावर उतरायचं होतं तेसुद्धा त्या आवाजाला घाबरून तिसऱ्यावर उतरलेले मी पाहिले आहेत. कुणाच्याही घरून निघताना उंबऱ्याबाहेर आलं की ते एकदा मागे वळून सगळी मंडळी आली ना बघतात आणि दाराच्या चौकटीवर दोन थापा मारतात. त्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही.

ड्रायव्हर या जमातीबद्दल त्यांचं मत ठरलेलं होतं. "व्याहीबुवा," ते मला म्हणायचे (आम्ही दोघंही एकमेकांना व्याहीबुवाच म्हणतो), "लोकांना वाटतं गाडी ड्रायव्हर चालवतो. तो नुसतं चाक फिरवतो. गाडी चालते घंटीवर. मी दोन घंट्या दिल्याशिवाय तो गाडी हलवून दाखवील का?" त्यामुळे वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, आमच्याकडे चहा पिताना, ते बशी खाली ठेवून जेव्हा म्हणाले, "मी गाडीचं लायसन्स काढणार आहे," तेव्हा एखाद्या सासूनं सून व्हायचं ठरवावं तसं मला वाटलं.

घरात विरोध झालाच. माझे जावई म्हणाले, "बाबा, कुठे जायचंय ते सांगा, मी सोडतो." मुलगी म्हणाली, "नाहीतर महिन्यातून एकदा ड्रायव्हर बोलावू." विहीणबाई तांदूळ निवडत होत्या, निवडतच राहिल्या. खरं कारण मला नंतर व्याह्यांनी एकट्याला गाठून सांगितलं.

विहीणबाईंचं माहेर सुरगाण्याच्या पलीकडे एका पाड्यावर. तिथे त्यांची म्हातारी आई भावाजवळ राहते. एसटी असो की जीप, माणसाला फाट्यावर उतरवून पुढे निघून जाते आणि फाट्यापासून पाड्यापर्यंत चढाचा रस्ता. तरुणपणी विहीणबाई तो डोक्यावर बोचकं आणि कडेवर पोर घेऊन चढायच्या. आता गुडघे गेले. गेल्या दिवाळीनंतर त्या गेल्या, तेव्हा अर्ध्या चढावर त्यांना रस्त्याच्या कडेला बसावं लागलं. भाच्यानं मोटारसायकलवर बसवून कसंबसं वर नेलं. घरी आल्यावर गुडघ्याला शेक देता देता त्या एवढंच म्हणाल्या, "आता माहेर झालं. लय झालं."

"एवढं बोलली आणि पिशवी माळ्यावर टाकून दिली," व्याही म्हणाले. "व्याहीबुवा, उभा जन्म मी माणसं फाट्यावर उतरवली. म्हातारी, बाळंतीण, आजारी, कुणी असो. फाटा आला, घंटी मारली, उतरवलं. पुढं ती घरी कशी पोचली, मी कधी बघितलं नाही. गाडीला टाइम असतो. पण आता मला कसला टाइम?"

जावयांनी आपली जुनी छोटी गाडी त्यांना देऊन टाकली आणि व्याह्यांनी मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं.

तिथे शिकवायला एक तिशीतली बाई होती, फार शांत स्वभावाची. व्याह्यांनी तो स्वभाव पहिल्याच आठवड्यात पणाला लावला. ती बिचारी "काका, क्लच दाबा" म्हणायची आणि व्याही गाडी जागच्या जागी थांबवून तिच्याकडे वळून गंभीरपणे सांगायचे, "मॅडम, गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये. नियम आहे." आता न बोलता शिकवायचं कसं? शेवटी तिने तोडगा काढला. निघण्याआधी सगळं सांगून टाकायची आणि मग हाताच्या खुणा करायची. तिच्या पायाशी जो जादा ब्रेक होता त्यावरून तर भांडणच झालं. ती ब्रेक दाबायची, गाडी थांबायची आणि व्याही आरशात बघून विचारायचे, "कोण उतरलं?"

लर्निंग लायसन्सवर सराव करायचा तर शेजारी लायसन्सवाला माणूस लागतो, म्हणून माझी नेमणूक झाली. जावई कामावर आणि मी रिटायर. शिवाय व्याह्यांना नाही म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही. आम्ही सकाळी गंगापूर धरणाच्या रस्त्याला सराव करायचो. तिथवर पोचणं हेच मोठं काम असे, कारण व्याह्यांना उजवीकडे वळणं मंजूर नव्हतं. समोरून येणारी वाहनं ओलांडून पलीकडे जाणं त्यांना अडाणीपणाचं वाटे. उजवीकडे जायचं असलं की ते डावीकडे वळत, पुन्हा डावीकडे, आणखी एकदा डावीकडे, आणि एखाद्या देवळाला प्रदक्षिणा घालावी तसे हव्या त्या रस्त्याला लागत. त्यामुळे मला नाशिकच्या अशा काही कॉलन्या बघायला मिळाल्या, ज्या तिथे राहणाऱ्यांनाही धड ठाऊक नसतील. चहूबाजूंनी वाहनं अंगावर येणाऱ्या द्वारका चौकाचं तर त्यांनी नावच टाकलं होतं. "तिथे देवसुद्धा उतरून चालत जाईल," ते म्हणायचे.

दुसरी अडचण थांब्यांची. बसथांबा दिसला आणि तिथे कुणी उभं असलं की व्याह्यांचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. एकदा असेच थांबले, तर भाजीची पिशवी घेतलेल्या एका बाईंनी मागचं दार उघडलं, आत बसल्या आणि विचारलं, "निमाणी जाणार ना?" मी म्हणणार की अहो, ही खासगी गाडी आहे, तोवर व्याही म्हणाले, "बसा. पिशवी आत घ्या." आणि आम्ही त्यांना सगळी डावी वळणं घेत निमाणीच्या बसस्टँडवर सोडलं. उतरताना त्या बाई म्हणाल्या, "फारच फिरवून आणलं हो." व्याही दिवसभर खूश होते.

परीक्षेचा दिवस मात्र वाईट गेला. मी आरटीओच्या कुंपणाबाहेर उभा होतो. साहेबांनी सांगितलं, "चला काका, घ्या पुढे." व्याहीबुवा स्टेअरिंग धरून बसलेले, गाडी सुरू, आणि काहीच होईना. साहेब पुन्हा म्हणाले, तरी नाही. मागून कुणीतरी वैतागून दोनदा हॉर्न वाजवला, तेव्हा गाडी टुणकन निघाली. इथवर निभावलं. पण पुढे रिव्हर्स होता. आणि गाडी मागे घ्यायची म्हणजे कंडक्टरनं खाली उतरून सांगायचं, हे त्यांच्या हाडात भिनलेलं. खाली उतरता येईना म्हणून त्यांनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं, दारावर थापा मारायला सुरुवात केली आणि स्वतःलाच ओरडून सांगू लागले, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बस्स!" बस्स अगदी वेळेवर म्हणाले. पण पायानं ते ऐकलं नाही. मागचा खांब आडवा झाला.

त्या दिवशी परत येताना गाडी मी चालवली. व्याही म्हणाले, "सांगणारा आणि करणारा एकच असला की गोंधळ होतो, व्याहीबुवा. मी आयुष्यभर सांगणारा. माझे ड्रायव्हर मागे घेताना किती सांभाळून घ्यायचे, ते आज कळलं." थोड्या वेळानं हळूच विचारलं, "तिला काय सांगू?"

विहीणबाई दारातच उभ्या होत्या. व्याह्यांचा चेहरा बघून आत गेल्या आणि पाणी घेऊन आल्या. "खांब पाडला," व्याही म्हणाले. विहीणबाईंनी पेला त्यांच्या हातात दिला. "माणूस नाय ना पाडलं?" "नाही." "मग परत जा," त्या म्हणाल्या. एवढंच. पण मला वाटतं, माळ्यावरची ती पिशवी त्यांनी त्याच आठवड्यात खाली काढली, कारण पुढच्या खेपेला मी गेलो तेव्हा ती धुऊन दोरीवर वाळत होती.

व्याह्यांनी पुन्हा नाव घातलं. या वेळी त्यांनी मॅडमना बोलायची परवानगी दिली. मीही उत्तेजन म्हणून त्यांना उजवीकडे वळायला लावलं. पहिल्यांदा वळले तेव्हा डोळे मिटून घेतले होते, असं नंतर कबूल केलं. आणि एक दिवस त्यांचा फोन आला. आवाज एवढा मोठा की फोन नसता तरी त्यांच्या घरून, म्हसरूळहून, मला ऐकू आला असता. "पास! साहेब म्हणाले, काका, या वयात कशाला काढताय? मी म्हटलं, बायकोला माहेरी न्यायचंय. तर हसले. म्हणाले, लोक तर सोडून यायला बघतात."

पाड्यावर जायच्या दिवशी मलाही बरोबर घेतलं, धीर द्यायला. स्कूटर त्यांच्या दारात लावून मी पुढे बसलो. विहीणबाई मागे, नवं लुगडं नेसून, आईसाठी घेतलेली शाल मांडीवर धरून. दिंडोरीपर्यंत द्राक्षांचे मळे, वणीला चहा, मग घाट. व्याही सगळा रस्ता नव्यानं बघत होते. मधेच म्हणाले, "हा डोंगर इथे कधीपासून?" विहीणबाई मागून म्हणाल्या, "तुमच्या जन्माच्या आधीपासून. उजव्या हाताला होता ना, म्हणून दिसला नाय."

फाटा आला. व्याह्यांनी गाडी हळू केली. एरवी इथे लोक उतरतात. त्या रस्त्याच्या तोंडाशी त्यांनी एकदा घसा खाकरला, पहिला गिअर टाकला आणि गाडी चढाला लावली. खडी उडत होती, इंजिन धापा टाकत होतं, मी मनातल्या मनात सप्तशृंगीला नवस बोलत होतो. अर्ध्या चढावर, जिथे त्या गेल्या वेळी बसल्या होत्या, तिथे विहीणबाईंनी काचेवर बोट ठेवून फक्त "इथं" म्हटलं. व्याह्यांनी मान हलवली, पण गाडी थांबवली नाही. ती थांबली थेट अंगणात, कोंबड्या उधळून लावत.

म्हातारी आई ओट्यावर नागली (म्हणजे आपली नाचणी) पाखडत बसली होती. तिनं सूप खाली ठेवलं, कपाळावर हात धरून गाडीकडे पाहिलं आणि लेकीच्या आधी जावयाला विचारलं, "तुमीच हाकत आला?" व्याही म्हणाले, "मीच." म्हातारी उठली, गाडीभोवती एक फेरी मारून आली, बॉनेटला हात लावला. बॉनेट चांगलंच तापलं होतं. "दमली बिचारी," ती म्हणाली आणि सुनेला पाणी आणायला सांगितलं. ते पाणी गाडीसाठी होतं.

दिवस कसा गेला कळलं नाही. निघताना तांदूळ, नागली, लोणचं असं काय काय डिकीत भरलं गेलं. म्हातारीनं लेकीच्या गालावरून हात फिरवला, पण रडली नाही. "आता येशील," एवढंच म्हणाली. तो प्रश्न नव्हता.

परतीला वणी मागे पडली तेव्हा ऊन उतरलं होतं. व्याहीबुवा आरशात बघत होते, जरा जास्तच वेळ. मी म्हटलं, "समोर बघा." ते दबक्या आवाजात म्हणाले, "झोपली."

मी वळून पाहिलं. विहीणबाईंचं डोकं खिडकीला टेकलं होतं, तोंड किंचित उघडं, हात मोकळे.

"लग्न झाल्यापासून हिला गाडीत झोपलेली बघितली नव्हती," व्याही म्हणाले. "एसटीत माझ्याच गाडीनं यायची माहेराहून. पोरगा मांडीवर, पिशवी पायात दाबलेली, आणि टक्क जागी. मी म्हणायचो, झोप गं, मी आहे ना उठवायला. तर म्हणायची, तुमी डुटीवर हाय."

म्हसरूळ आलं. त्यांची गल्ली आली आणि डाव्या हाताला मागे पडली. मी म्हटलं, "व्याहीबुवा, घर गेलं की." ते म्हणाले, "गेलं खरं. थांबलो तर उठेल."

मग आम्ही तसेच पुढे निघालो. निमाणीवरून, गोदेच्या पुलावरून, दिवे लागायच्या वेळेला गजबजलेल्या नाशकातून. मागचे हॉर्न वाजवत होते, एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा विहीणबाईंची मान जराशी कलली. व्याह्यांनी श्वास रोखला. दिवा हिरवा झाला, आणि त्यांनी गाडी इतकी अलगद सोडली की ती चालू लागली आहे हे मला बाहेरचे दिवे मागे सरकायला लागले त्यावरून कळलं.