फॉरमॅट म्हणजे नमुना

तहसील कचेरीतून निवृत्त झालो तेव्हा मला संगणकातल्या तीनच गोष्टी येत होत्या. तो चालू करणं, तो बंद करणं, आणि तो आपणहून बंद पडला की ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ असं न हसता सांगणं. एवढ्या भांडवलावर साताऱ्यातल्या आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळानं मला संगणकाचा गुरू केलं. मंडळाच्या सचिवांना एकदा प्रिंट निघेना. मी पुढे झालो आणि निसटलेली वायर भिंतीत घट्ट बसवली. प्रिंट निघाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्या ही वस्तू मला तेहतीस वर्षांच्या नोकरीत कधी मिळालेली नव्हती. तिथंच मी बिघडलो.

दर बुधवारी वर्ग सुरू झाला. मी बोलायचो आणि सचिव ते मोबाइलवर टिपून ठेवायचे. असे एकेचाळीस व्हिडिओ झाले. मग मी चोपडी काढली. चोवीस पानं, मधोमध दोन पिना, आणि इंटरनेट-संगणकातले नव्वद शब्द सोप्या मराठीत, नवशिक्यांसाठी. इंटरनेट म्हणजे कालवा. वाय-फाय म्हणजे त्या कालव्यातून आपल्या रानाला काढलेला पाट. पासवर्ड म्हणजे पाटाच्या तोंडाला लावलेली फळी, शेजाऱ्यानं पाणी मारू नये म्हणून. डाउनलोड म्हणजे पाणी आपल्या वावरात घेणं. अपलोडला अडलो, कारण आपल्या वावरातलं पाणी उलटं कालव्यात सोडणारा माणूस मी सातारा-सांगलीत अजून बघायचा आहे. तिथं ‘डाउनलोडच्या उलट’ असं लिहून सुटलो. कुकीज या शब्दापुढं ‘बिस्किटे नव्हेत’ एवढंच लिहिलं. ती काय आहेत हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

‘फॉरमॅट’ला मात्र मी अजिबात अडलो नाही. हा माझा घरचा शब्द. वरून पत्र यायचं, ‘माहिती सोबतच्या फॉरमॅटमध्ये तात्काळ सादर करावी.’ फॉरमॅट म्हणजे कोरा तक्ता, रकाने पाडलेला. तो आला नाही तर काम थांबायचं, आणि आला की भरायचा. म्हणून अकराव्या पानावर मी लिहिलं: ‘फॉरमॅट : नमुना. माहिती कशात भरायची तो तक्ता. यंत्राने फॉरमॅट विचारल्यास घाबरू नये, होय म्हणावे. नमुन्याशिवाय काम पुढे सरकत नाही.’ शेवटच्या वाक्यावर मी इतका खूष झालो की बायकोला आतून बोलावून वाचून दाखवलं. ती म्हणाली, “एवढंच? कुकर लावलाय मी.”

त्या चोपडीची सर्वांत इमानी वाचक म्हणजे माझी थोरली बहीण. आक्का कुंडलच्या बाजूला एका गावात राहते. सातवी झालेली. चोपडीला तिनं वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं, आणि रोज एक शब्द पाठ करून संध्याकाळी मला फोनवर म्हणून दाखवायची. वर्गातली निवृत्त मंडळी डुलक्या काढत, पण आक्का शंका काढायची. “आरं, पाट फुटला तर वाय-फाय कुनाच्या रानात जाईल?” मी म्हणायचो, “ते पुढच्या आवृत्तीत.”

तिच्या नवऱ्याचं, म्हणजे आमच्या दाजींचं, इथं सांगायला हवं. दाजींचा आवाज मोठा. ओढ्यापलीकडून त्यांनी हाक मारली की आक्का घरात तवा चढवायची. जन्मभर तंबाखू खाल्ली आणि घशात गाठ निघाली. मिरजेला डॉक्टर म्हणाले, जीव राहील, पण स्वरयंत्र काढावं लागेल. ऑपरेशनला आठ दिवस होते. ते आठ दिवस दाजी सोप्यात, ओसरीवर बसून मोबाइलमध्ये स्वतःचा आवाज भरत राहिले. त्यात निरोप नव्हता की उपदेश नव्हता. घरात लागणारी वाक्यं तेवढी. “आगं, ऐकलं का.” “च्या टाक.” “म्हशीला पानी दावलं का?” “कोन आलंय बग.” “मीठ जास्त झालंय.” आणि वेगळं, “मीठ कमी झालंय.” माझ्यासाठी एक खास होतं: “या, संगणक म्हाराज.”

पुढची दोन वर्षं दाजी बोटानं बोलले. कधी चुकीचं वाक्य दाबलं जायचं. पाहुणे दारात उभे आणि दाजींचा फोन खणखणीत विचारायचा, “म्हशीला पानी दावलं का?” आवाज नसलेला तो माणूस मग खांदे हलवून हसायचा. एकदा त्यांनी पाटीवर लिहून मला दाखवलं, ‘हे दुसरीकडं पण ठेवा.’ मी म्हणालो, “बुधवारचा वर्ग झाला की करतो दाजी.” कुठला बुधवार, ते मी बोललो नव्हतो.

दाजी गेले. फोन आक्काकडं राहिला. रोज दुपारी ती “च्या टाक” हे वाक्य लावायची आणि खरोखर चहा टाकायची. मी एकदा ते बघितलं आणि म्हणालो, “आक्का, ते गेले तरी त्यांची चाकरी काही सुटली नाही तुझी.” तिला हसू आलं. मलाही आपण विनोदी आहोत असं वाटलं.

मग त्या फोनची बॅटरी फुगली. पुण्याच्या लेकीनं नवा फोन पाठवला. आक्कानं जुन्या फोनमधलं, दाजींचा आवाज साठवलेलं नखाएवढं मेमरी कार्ड स्वतः काढलं, स्वतः नव्यात घातलं आणि मला फोन केला. बुधवार होता. वर्ग भरलेला. मी काय करावं? मी फोन स्पीकरवर टाकला. “मंडळी,” म्हणालो, “ही माझी विद्यार्थिनी. वय बहात्तर. ऐका.”

“आरं, कार्ड घातलं बग. पर फोन कायतरी इचारतोय.”

“काय विचारतोय? अक्षरं वाच.”

“यफ. ओ. आर. यम. ए. टी.”

“मग? अकरावं पान काढ.”

“काढलंय की. नमुना म्हंतंय. पर खाली बारीक इंग्रजीत आनिक लिवलंय, लय लांबडी वळ हाय. तू कवा येतुयास? तू आल्यावं दाबूया.”

वीस-पंचवीस पांढरी डोकी माझ्याकडं बघत होती. गुरूनं ‘थांब, मी येऊन बघतो’ असं म्हणायचं म्हणजे चोपडीची किंमत काय राहिली? मी म्हणालो, “आक्का, यंत्राला घाबरायचं नाही. शेवटचं वाक्य मोठ्यानं वाच.”

“नमुन्याशिवाय काम पुढे सरकत नाही,” आक्कानं शाळेतल्यासारखं वाचलं. पहिल्या बाकावरचे निवृत्त सुभेदार म्हणाले, “शाबास!” टाळ्या झाल्या.

“दाब,” मी म्हणालो.

“दाबलं.”

रविवारी मी तिच्याकडं गेलो. कार्ड फोनमध्ये झकास बसलं होतं. मी उघडून बघितलं तर मोकळं. इथं शहाण्या माणसानं हात आखडला असता. मला वाटलं, बरं झालं, जागा आहे. तिच्या बचत गटातल्या बायकांना दाखवायला माझे वर्ग तिला हवेच होते. मी माझ्या फोनवरून एकेचाळीसच्या एकेचाळीस व्हिडिओ त्या कार्डात भरले. काठोकाठ भरलं. शेवटचा मावतो की नाही अशी शंका होती, तोही मावला.

“झालं?” आक्का म्हणाली. “आता ह्यांचं लाव की. चार दीस झालं, ऐकलं न्हाई.”

मी शोधलं. फोनमध्ये शोधलं, कार्डात शोधलं, जिथं असणं शक्य नाही तिथंही शोधलं. घाम पुसायला म्हणून चष्मा काढला, पुसून परत लावला. मी म्हणालो, “सांगलीला दाखवून आणतो. निघतं सगळं.”

सांगलीत एका गल्लीत मोबाइल दुरुस्त करणारा भला माणूस भेटला. त्यानं कार्ड संगणकाला लावलं आणि विचारलं, “फॉरमॅट मारलंय जणू?”

“मारलंय म्हणजे? नमुना...”

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी तेहतीस वर्षं खिडकीतून लोकांकडं बघत आलो होतो. “काका, फॉरमॅट मारलं की कार्ड धुऊन निघतं. पन नुसतं मारलं असतं तरी माल खाली असतोय, काढता येतोय बऱ्यापैकी. वर कुनी काय भरलं का नंतर?”

मी उत्तर द्यायच्या आत त्यानं पहिली फाइल उघडली होती. सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असा माझा आवाज निघाला: “नमस्कार मंडळी! माऊसला घाबरू नका, तो चावत नाही!”

“ह्ये कोन येडं?” तो म्हणाला. मग पडद्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि बिचाऱ्यानं आवाज बंद केला. तासभर खटपट केली. दाजींचं एक अक्षर निघालं नाही. ज्या जागेवर त्यांचा आवाज होता, नेमका तिथंच माझा जाऊन बसला होता.

परतीच्या एसटीत मी कबुलीची वाक्यं जुळवली. कचेरीचा माणूस, मसुदा चांगला होतो माझा. आक्का दारातच उभी होती. माझं तोंड बघून तिला कळलं असावं. ती खाली बसली आणि म्हणाली, “माज्याच हातनं गेलं न्हवं? मीच कायतरी दाबलं आसंल.”

मला एवढंच म्हणायचं होतं: नाही. एक शब्द. मी म्हणालो, “होतं असं आक्का. नव्या माणसाकडून होतं. तू मनाला लावून घेऊ नको.”

क्षमा करण्यात मी इतका उदार यापूर्वी कधीच नव्हतो.

तिनं मनाला लावून घेतलं. नवा फोन लेकीला परत पाठवला आणि बटणांचा साधा घेतला. कार्ड तेवढं आपल्याजवळ ठेवलं. संध्याकाळचे शब्द बंद झाले. बचत गटात तिला मोबाइलवर पावत्या दाखवायला सांगितल्या तर म्हणायची, “मला नगं बाई. माज्या हाताला गुन न्हाई. मालकाचा आवाज पुसला मी ह्या हातानं.” हे तिच्या शेजारणीनं मला सांगितलं, आणि मी मान हलवत म्हणालो, “काय करणार.” वर्षभर मी तेच म्हणत राहिलो. परगावच्या एका मंडळात तर हा किस्सा रंगवूनही सांगितला, फक्त आक्काच्या जागी ‘एक म्हातारी’ घातली आणि माझ्या जागी कोणालाच घातलं नाही. लोक हसले. मी चांगला सांगतो.

दरम्यान चोपडी संपली आणि दुसरी आवृत्ती काढायची ठरली. अकराव्या पानावरची नोंद मी गुपचूप बदलली: ‘फॉरमॅट : कार्ड वा डिस्कवरील सर्व मजकूर पुसून ती कोरी करणे. यंत्राने विचारल्यास होय म्हणू नये. जाणकारास विचारावे.’ जाणकारास! आक्काला ही आवृत्ती मी दिली नाही. पण चोपड्या गावोगाव जातात याचाच मला अभिमान होता, आणि बचत गटाला दहा प्रती मंडळानंच पाठवल्या.

तिनं बोलावलं म्हणून गेलो. आक्का सोप्यात सुपात हुलगे निवडत बसली होती. शेजारी दोन चोपड्या, एक कव्हरातली, एक नवी. दोन्ही अकराव्या पानावर उघडून त्यांवर वाट्या पालथ्या ठेवल्या होत्या.

“वाच,” ती म्हणाली.

“आक्का, ते...”

“आदी जुनं वाच. मग नवं. मोठ्यानं.”

मी वाचलं. दोन्ही.

“म्हंजे तुला ठावं हुतं.”

“तेव्हा नव्हतं. सांगलीला कळलं.”

“सांगलीला कळलं. आन सांगलीवनं हितं यायला तुला वरीस लागलं व्हय रं?” सुपातले खडे ती एकेक करून बाजूला टाकत होती. “चूक पुस्तकातली काढलीस. माज्यातली तशीच ठिवलीस. आवं म्हाराज, मी बी तुमचीच वाचक हुती की.”

जन्मात तिनं मला ‘आवं’ म्हटलं नव्हतं. मी म्हणालो, माझं चुकलं. ते इतकं बारीक आवाजात निघालं की तिनं “काय?” म्हणून विचारलं आणि मला पुन्हा म्हणावं लागलं.

ती उठली, भिंतीतल्या देवळीतून पुडी आणली. आत ते कार्ड होतं. “ह्यातलं तुजं काढ.”

मी कार्ड माझ्या फोनमध्ये घातलं. सगळे व्हिडिओ एकदम निवडून पुसता येतात, हे मला येत होतं आणि मी तसं करायला गेलो. ती म्हणाली, “एकेक काढ.” पहिल्यावर बोट ठेवलं. पडद्यावर चौकट आली.

“काय इचारतंय?”

“नक्की पुसायचं का म्हणून विचारतंय.”

“तवाच्या त्या लांबड्या वळीत बी ह्येच हुतं?”

“हो.”

“दाब.”

मी दाबलं. दुसऱ्याला पुन्हा तीच चौकट, पुन्हा तिचं “दाब.” बाराव्यानंतर तिनं सूप उचललं आणि ती आत गेली. उरलेले एकोणतीस मी एकट्यानं पुसले. पुसून झाल्यावर कार्ड काढून पुन्हा पुडीत बांधलं. आत भांड्यांचा आवाज येत होता. चहा काही आला नाही.