पेडल थरथरलं तेव्हा

बाबांनी मला गाडी शिकवली ती वाडीतले चिकू वाहायच्या आमच्या जुन्या टेम्पोवर. ओल्या रस्त्यावर ब्रेक नुसता दाबून धरायचा नाही, दाबायचा-सोडायचा, दाबायचा-सोडायचा. चुकलं की डोक्यात टपली. बोर्डी-डहाणू रस्त्यावर बाबा आयुष्यभर असेच थांबत आले, कुणाला ओरखडा नाही.

गेल्या पावसाळ्यात मी नवी गाडी घेतली. शोरूमवाल्याने बजावलं होतं, "मॅडम, एबीएस आहे. घसरड्या रस्त्यावर ब्रेक जोरात दाबा आणि पाय काढू नका. पेडल थरथरेल, घाबरायचं नाही." मी हो हो केलं. बाबांना सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, काही सांगायला गेलं की "मला शिकवतेस?" हे ठरलेलं, म्हणून मीच कंटाळा केला.

भातलावणी चालू होती. रानशेतच्या रस्त्यावर ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातला चिखल आणून टाकलेला. माझी नवी गाडी बाबा चालवत होते, मी शेजारी. वळणावर बकऱ्या आडव्या आल्या. त्यांनी ब्रेक दाबला, पेडल पायाखाली धडधडलं आणि त्यांनी पाय उचलला. परत दाबला, परत उचलला. गाडी घसरत बांधावर चढली. बकऱ्या वाचल्या, आम्हीही. माझा जीव भांड्यात पडला.

बाबा मात्र स्टिअरिंग धरून बसूनच राहिले. "ब्रेकच कळला नाही गं मला. संपलं माझं." घरी येऊन किल्ली खुंटीला लावली ती लावलीच.

आणि मी? मूग गिळून बसले. या वयात त्यांनी गाडी चालवू नये असं मला कधीचं वाटत होतं, ते आयतंच झालं. "मी नेते ना कुठेही," म्हणायचे. पण ते कुठे जायचंच म्हणेनात. संध्याकाळी किनाऱ्यावर जाणंही बंद. पंधरा दिवसांनी शेजाऱ्याशी बोलताना ऐकलं, "माझ्या पायातली जाणच गेली." मला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी वाडीतल्या शेवाळलेल्या रस्त्यावर त्यांना जबरदस्तीने गाडीत बसवलं. "दाबा. आणि पाय काढलात तर टपली मी मारीन!" पेडल धडधडलं. गाडी थोडी पुढे गेलीच, पण वळवली तिकडे वळली.

"अगं, ही तर आपली आपणच दाब-सोड करतेय!" बाबा खदखदून हसले. मग हसू थांबलं.

"तुला कधीपासून ठाऊक होतं?"

"घेतली त्या दिवसापासून."

त्यांनी गाडी पुन्हा सुरू केली. त्याच रस्त्यावर तीनदा चालवली. मग फाटकाशी गाडी उभी करून म्हणाले, "उतर. किनाऱ्यावर मी एकटा जाऊन येतो."

मी उतरले.